गौरीपुढं न घेतलेलं नाव

नागलीच्या पापडांची उकड अजून गरम होती आणि प्रतिभाचे दोन्ही हात मनगटापर्यंत तेलानं माखलेले होते, तेव्हाच फोन वाजला. परातीतला तांबूस गोळा अर्धा मळून मऊ झाला होता, अर्धा तसाच गाठींनी भरलेला. समोर सासूबाई, रंगूबाई, पाय पसरून बसल्या होत्या. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळी ठेवायची, वरून स्टीलची ताटली दाबायची आणि पापड अलगद सोडवून बाजूच्या जुन्या लुगड्यावर टाकायचा, असं त्यांचं चाललं होतं.

"वाजतोय बघ तुझा दरबार," रंगूबाई म्हणाल्या.

"आई, तेवढं हिरवं बटण दाबा ना. माझे हात बघा कसे झालेत."

रंगूबाईंनी आधी पदराला बोट पुसलं, मग फोनला असा स्पर्श केला की जणू तो चटका देईल. पलीकडून हर्षालीचा आवाज आला. हर्षाली ही पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली, तिशीतली पोरगी. शिकलेली भरपूर, पण पायात साध्या चपला घालून मळे तुडवायची, म्हणून प्रतिभाला आवडायची.

"प्रतिभाताई, परवा संध्याकाळी आपली नावं पाठवायची आहेत. तुम्ही एकदा नजर टाका. आणि एक सांगू का? तुमची ती हळदीकुंकवाची कल्पना आमच्या सरांना फारच आवडलीय. पुढच्या महिन्यात पुण्याला सगळ्यांसमोर तुम्हीच सांगायचीय."

"सांगीन की! त्यात काय," प्रतिभा म्हणाली. फोन बंद झाल्यावर तिनं पिठाच्या गोळ्याला असा गुद्दा घातला की परात सरकली. तिला आनंद झाला की तो पिठावर निघायचा.

प्रतिभा मूळची कळवणची. बी.ए.ला दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन नाशिकच्या उत्तरेला थेटे मळ्याच्या वस्तीवर आली. नवरा समाधान पिकअप चालवतो, मळेकऱ्यांचा भाजीपाला आणि फुलं पहाटे बाजारात पोचवतो. घर, दोन मुलं, सासू-सासऱ्यांचं पथ्यपाणी, देवाचं सगळं, हे सगळं सांभाळून प्रतिभानं जनगणनेचं काम केलं, मतदारयादीचं केलं, घरोघर जाऊन लहान मुलांची नोंद करायचंही केलं. दारात उभं राहून माणसाला बोलतं करायची कला तिच्या अंगात होती आणि ती आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. देवाशी तिचं वागणंही तसंच. सकाळी आंघोळ करून पूजा झाल्याशिवाय ती चहा घेत नसे, पण पूजेला बसली की मागणं मागत बसायची नाही. आज काय काय करणार आहे ते देवाला सांगून ठेवायची. "आज वरच्या मळ्यात जाते, उशीर होईल, दिवा आई लावतील," असं. समाधान हसायचा, "देवाला ड्युटी लावून देते ही."

हर्षालीनं ज्या अभ्यासासाठी प्रतिभाला मदतीला घेतलं होतं, तो असा होता. आपल्या भागात आरोग्याच्या बाबतीत खरं पुढारपण कोणत्या बायका करतात, ते शोधायचं. पदावर कोण आहे हे कागदावरून कळतं, त्यासाठी पुण्याहून यायची गरज नाही. पण घरात पोर तापलं, सून अडली, म्हातारी घेरी येऊन पडली, तर बायका कोणाचं ऐकतात, ते कोणत्याच कागदावर नसतं. ते बायकांनाच विचारायचं. एकेकीला विचारायचं, मग जिचं नाव येईल तिलाही विचारायचं की बाई, तू कोणाकडे जातेस? असं करत जाळं विणायचं. आणि या अभ्यासातून पुढं आलेल्या पहिल्या दोघींना इथल्या आरोग्य केंद्राच्या समितीवर घ्यायचं, असं ठरलं होतं. समिती म्हणजे नुसता चहा पिण्याची नव्हे. लसीकरण कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं, हे तिथं ठरायचं.

वस्तीवर ते दुखणं सगळ्यांना माहीत होतं. लसी सकाळी, गावातल्या सभागृहात. आणि मोगऱ्याच्या दिवसांत सकाळ म्हणजे मळ्यात मान वर करायला फुरसत नाही. कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, वजन करायचं, बाजार गाठायचा. सुरगाण्याकडून कामाला आलेल्या बायका तर अर्धा दिवस सोडला तर अर्धी मजुरी सोडणार. मग त्यांची पोरं लसीवाचून राहायची. तिसऱ्या प्रहरी लस ठेवली असती तर सगळ्या आल्या असत्या. पण हे बोलायला तिथं बाईच नव्हती.

सुरुवातीला प्रतिभा आणि हर्षाली घरोघर गेल्या. दार उघडायचा पुरुष. "आरोग्यात पुढारी कोण? लिहा, सरपंच." बाई आतून डोकवायची आणि पुन्हा कढईकडे वळायची. दोन दिवस असे गेल्यावर प्रतिभा म्हणाली, "मॅडम, हे असं नाही व्हायचं. बायका एकट्या, पुरुषांवाचून, नटूनथटून, निवांत कुठं सापडतात? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. ते आमच्याकडं येत्या शुक्रवारी आहे. तुम्ही तिथं बसा."

आणि झालंही तसंच. झोपाळ्यात गौर बसवली होती, समोर कलिंगड, काकडी, लाडू, करंज्या. मोगऱ्याच्या वासानं ओटी भरून गेली होती. बायका येत होत्या. प्रतिभानं प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं, अत्तर, ओल्या हरभऱ्यांनी ओटी, हातात पन्ह्याचा पेला आणि त्याच वेळी कानाशी लागून विचारायचं, "आपल्या भागात आरोग्याच्या बाबतीत पुढं कोण असतं गं? एक नाव सांग." कोपऱ्यात हर्षाली आंब्याची डाळ खात मोबाईलवर टिपून घ्यायची. बायका पटापट नावं देत होत्या. सरपंचबाईंचं आलं, आशाताई भाग्यश्रीचं आलं, बचत गटाच्या अध्यक्षिणीचं, बालवाडीच्या बाईंचं, आणखी एकीचं. एका दुपारी जे झालं ते आठ दिवस दारं वाजवून झालं नसतं.

ती सगळी आठवण मनात घोळवत प्रतिभानं उरलेली उकड मळायला घेतली आणि सहजच विचारलं, "आई, तुम्ही त्या दिवशी कोणाचं नाव दिलंत हो? गर्दीत माझं लक्षच नव्हतं."

"सरपंचबाईंचं."

"त्यांचं? त्यांनी काय केलं तुमच्यासाठी?"

"काय करायचंय? मोठं माणूस हाय. नाव घ्यावं."

प्रतिभाचे हात थांबले. "आणि माघात तुम्ही न्हाणीत पडलात, मी कळवणला होते, तेव्हा कोणाला हाक मारली?"

"सिंधूला." रंगूबाईंनी ताटली दाबली. "दुसरं कोण हाय? गाडी घेऊन आली, साखर घातली तोंडात, मग दवाखान्यात नेलं. त्या काउंटरवरच्या पोराशी असं भांडली की त्यानं स्वतः खुर्ची आणून दिली मला."

सिंधुबाई वस्तीच्या टोकाला राहायच्या. पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली, मोगऱ्याचा मळा एकटीनं चालवणारी. जुन्या मोपेडवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मोठ्या आवाजात बोलत जाणारी बाई.

"मग आई, सिंधूताईंचं नाव का नाही सांगितलंत?"

रंगूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की ही एवढी शिकलेली आणि हिला एवढंही कळू नये. "अगं, हळदीकुंकवाला? हातात करंडा घेऊन तू विचारत होतीस. गौरीपुढं, सवाष्णींच्या घोळक्यात तिचं नाव कोण घेईल? काय वेड लागलंय का?"

"म्हणजे तुमच्या मनात होतं?"

"मनात हाय ते हाय. सगळ्यांच्याच मनात होतं. पण ती जागा नव्हती ती."

परातीतली उकड गार होत चालली होती. प्रतिभाला शुक्रवारची सकाळ आठवली. गौरीसाठी मोगऱ्याची टोपली घेऊन सिंधुबाई स्वतः फाटकापर्यंत आल्या होत्या. "आत या की, ताई," ती म्हणाली होती, पण ते नुसतं तोंडदेखलं. हातात टोपली घेतानाच तिचं लक्ष मागे कलिंगडाकडं होतं. सिंधुबाई म्हणाल्या होत्या, "घाई हाय गं, बाजार निघून जाईल," आणि मोपेड वळवली होती. दिवसभर ओटीवर जो वास दरवळत होता, तो त्या टोपलीचा.

"आई, घोटाळा झालाय," प्रतिभा म्हणाली.

"आधी ही उकड घोटाळ्यात जाऊ देऊ नको. गार झाली की पापड चिरतात."

तिनं उकड मळून संपवली. मग हात धुतले, ओटीवर गेली आणि झोपाळ्यातल्या गौरीसमोर बसली. गौर अजून अक्षय्य तृतीयेपर्यंत बसणार होती. शुक्रवारचा मोगरा कधीच काढून टाकला होता, पण आजही सकाळी नवा घातलेला, आणि तोही सिंधुबाईंच्याच मळ्यातला. प्रतिभानं एक कोमेजलेली कळी उचलून बाजूला ठेवली. मग हळू म्हणाली, "तू फुलं घेतलीस ना तिची. मग नाव घ्यायलाही तुझी हरकत नसणार. मी उद्यापासून पुन्हा विचारायला जाते. सांगून ठेवलं." उठली आणि हर्षालीला फोन लावला.

हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, पण पाचही नावं व्यवस्थित आली आहेत. सगळ्या बायका काम करणाऱ्याच आहेत."

"आहेतच. मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण आपण विचारलं कुठं, ते बघा ना. जिथं एका बाईचं नाव घेणंच बरं दिसत नाही, तिथं उभं राहून आपण नावं गोळा केली. ती वस्तीत सगळ्यात पुढं असती तरी शून्यच आली असती."

"अरे देवा." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी तिथंच बसले होते. दोनदा डाळ घेतली मी. माझ्याही लक्षात आलं नाही की तिथं एकही…"

"तुमच्या कसं येणार? माझ्या घरचं हळदीकुंकू, माझ्या नाही आलं."

"पण परवाची तारीख आहे, ताई. पुढं ढकलली तर समितीची या वर्षीची बैठक जाईल. मग नावं पुढच्या वर्षी."

"परवा संध्याकाळ ना? उद्याची सकाळ आहे, परवाची सकाळ आहे. मोगरा काही तारखेसाठी थांबत नाही, मीही नाही थांबत. तुम्ही येता का, की मी एकटी जाऊ?"

हर्षाली रात्रीच्या बसनं आली.

या वेळी प्रतिभानं दोन गोष्टी बदलल्या. एक, जागा. वस्तीतल्या बायका, सवाष्ण असो, विधवा असो, सोडलेली असो, की सुरगाण्याहून आलेली असो, सगळ्या एकत्र कुठं येतात? मोगऱ्याच्या वजनकाट्यापाशी. खुडणी झाली की झाडाखाली तराजू लागतो, सगळ्या आपापली ओंजळभर मेहनत घेऊन ओळीनं बसतात. तिथं कुंकू कोणी बघत नाही. दुसरी गोष्ट, प्रश्न. पुढारी कोण, पुढं कोण असतं, हे शब्दच काढून टाकायचे. त्या शब्दांनी बाईला खुर्ची आठवते आणि खुर्ची आठवली की सरपंच आठवतात. विचारायचं फक्त एवढंच, "घरात शेवटचं कोणी आजारी पडलं, तेव्हा आधी कोणाकडं गेलीस?"

"आणि मॅडम," पहाटे मळ्याकडे जाताना प्रतिभा म्हणाली, "सिंधूताईंच्या स्वतःच्या मळ्यात विचारायचं नाही. तिथल्या बायका त्यांच्या पगारावर आहेत. त्यांना काय दुसरं नाव सुचणार?"

हर्षाली थबकली. "हे मला सुचायला हवं होतं."

"चला, पाय उचला. उजाडलं की कळ्या हसायला लागतात."

पहिल्या मळ्यात प्रतिभा एकेकीला बाजूला घेऊन विचारू लागली. बायका शुक्रवारसारख्या पटकन बोलत नव्हत्या, कारण आता आठवावं लागत होतं. आठवलं की मात्र नुसतं नाव येत नव्हतं, गोष्टच यायची. एक म्हणाली, पोराच्या नाकात हरभरा अडकला, सिंधूमावशी मोपेडवर मागं बसवून घेऊन गेल्या. दुसरी म्हणाली, तिच्या जावेला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा म्हणत होता सकाळी बघू, सिंधूताईनं त्याला दारातच खडसावलं, "सकाळी काय बघणार, तुझं तोंड?" तिसरीनं आशाताई भाग्यश्रीचं नाव घेतलं. चौथीनं स्वतःच्या नणंदेचं. ते सगळं तसंच टिपलं.

सुरगाण्याहून आलेल्या काळू नावाच्या मजुराची बायको, कडेवर नऊ महिन्यांचं पोर घेऊन, नुसती हसत होती. प्रतिभानं पुन्हा विचारलं.

"आम्ही कोणाकडं जाणार, बाई? इथं आमचं कोण?"

"मग पोर आजारी पडलं तेव्हा?"

"तवा ती टॉवेलवाली आली. आमच्या पालात वाकून बघितलं, पोराला हात लावला, म्हणाली, ताप हाय. मुकादमाला म्हणाली, हिची आजची मजुरी कापलीस तर उद्या माझ्या मळ्यात पाय ठेवू नको. आणि घेऊन गेली."

"नाव काय त्यांचं?"

"नाव नाय माहीत."

हर्षालीनं प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभा म्हणाली, "लिहा, टॉवेलवाली. मी नंतर दाखवून खात्री करून घेते."

दुपारी दोघी भाग्यश्रीकडं गेल्या. ही वस्तीची आशाताई, घरोघर जाऊन गरोदर बायका आणि बाळांची काळजी घेणारी, तोंडानं फटकळ. तिला विचारायचं की तू अडलीस तर कोणाकडं जातेस.

"मी?" भाग्यश्री म्हणाली. "कोणत्या पालात नवं बाळ आलंय ते मला सिंधूमावशी सांगतात. मी आत गेले तर पुरुष म्हणतात सरकारी बाई आली. त्या गेल्या तर पाणी देतात. काय गं प्रतिभा, तुझ्या यादीत त्या नव्हत्याच म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"वस्तीत काय लपतं? मी तुला शुक्रवारी माझंच नाव सांगितलं, म्हटलं आयती संधी हाय तर का सोडा!" आणि ती खो खो हसली. "पण आता लिही, माझ्याकडून सिंधूमावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन मळे झाले. दुपारपर्यंत शंका उरली नाही. वस्तीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी एकच नाव घेतलं होतं, काहींनी नाव माहीत नसताना घेतलं होतं. त्यांच्या पाठोपाठ भाग्यश्री होती. सरपंचबाईंचं नाव एकीनंही घेतलं नाही, आणि त्यात सरपंचबाईंचा दोष काही नव्हता. त्यांच्याकडे कोणी आजारपणात जात नसे, एवढंच.

पण नाव पाठवायच्या आधी त्या बाईची संमती घ्यावी लागते. भाग्यश्रीनं ती लगेच दिली, सिंधुबाईंची राहिली होती. पुण्याची बस पकडायची म्हणून हर्षाली गेली आणि प्रतिभा एकटीच टोकाच्या मळ्यावर गेली. सिंधुबाई मोपेडचा प्लग साफ करत होत्या.

"ये, ये. आता माझ्याकडं आलीस का? सगळ्या मळ्यांत फिरलीस, माझ्याच नाही. मला वाटलं माझ्यावर रुसलीस."

"तुमच्या मळ्यात विचारलं असतं तर तुमच्या बायकांनी तुमचंच नाव घेतलं असतं."

"नसतं घेतलं. त्या माझ्यावर चिडलेल्या असतात." सिंधुबाईंनी प्लगवर फुंकर मारली. "तर? कोणाचं आलं?"

"तुमचं."

सिंधुबाईंनी प्लग जागेवर बसवला, पान्यानं घट्ट पिळला, हात पुसले. मग म्हणाल्या, "शुक्रवारी नव्हतं आलं."

प्रतिभा पिशवीतली यादी काढू लागली. सिंधुबाईंनी हातानंच नको म्हटलं.

"मला माहीत हाय गं. टोपली द्यायला आले तेव्हाच मॅडमला ओटीवर बघितलं. म्हटलं, झालं, हळदीकुंकवात विचारणार, आता माझं नाव काय येत नाय. बायका काय वाईट नाहीत. तिथं नाव घ्यायचं नसतं, तर नाय घेतलं. मी पण त्यांच्या जागी असते तर नसतं घेतलं."

"ताई, चूक माझी. विचारायची जागाच माझी चुकली."

"चुकली तर चुकली. सुधारलीस ना? रडत काय बसायचं." त्या जवळच्या पिंपावर बसल्या. "आता ते समितीचं सांग. मी तिथं जाऊन काय करायचं? नुसतं बसायला मला वेळ नाय."

"लसीची वेळ बदलायची. दुपारनंतर. इथं, मळ्यात."

सिंधुबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यांनी टॉवेल सोडून पुन्हा बांधला. "मग येते. पण दोन गोष्टी सांगून ठेव तुझ्या मॅडमला. त्या सरकारी कार्यक्रमात आधी दिवा लावतात, ओवाळतात, नारळ वाढवतात. त्यात मला कोणी पुढं ढकलायचं नाय, की बघा आम्ही किती सुधारलेले. आणि मागंही लोटायचं नाय. मला खुर्ची द्यायची आणि बोलू द्यायचं. बास."

"सांगते."

"आणि आधार कार्ड लागत असेल तर ते माझ्या सुनेकडं हाय, ती माहेरी गेलीय. घरात झेरॉक्स हाय, ती चालेल का?"

"चालेल."

प्रतिभानं तिथूनच हर्षालीला संमती कळवली. बसमधूनच दोघींची नावं गेली.

दोन दिवसांनी उरलेल्या नागलीचे पापड करायचे होते. रंगूबाई ओटीवर ताटली घेऊन बसल्या होत्या, शेजारच्या दोन बायका मदतीला आल्या होत्या. झोपाळ्यातली गौर अजून होती. फाटकाशी मोपेड थांबली. सिंधुबाई झेरॉक्सची घडी हातात घेऊन फाटकाबाहेरूनच म्हणाल्या, "प्रतिभा, हे घे. घाई हाय."

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रतिभा उठायच्या आत रंगूबाई बोलल्या, "कसली घाई असते गं तुला नेहमी? बाजार तर सकाळीच उरकला."

"काम असतं आत्या."

"काम इथंही हाय. बघ ना, आम्ही चौघी आणि एवढी उकड. आत ये, बस. तुझा हात हलका हाय, पापड चिरत नाय."

सिंधुबाईंनी झेरॉक्स प्रतिभाच्या हातात दिली. मग मोपेड स्टँडला लावली, हातपाय धुतले आणि ओटीवर येऊन बसल्या. गौरीकडे एकदा बघून हात जोडले आणि ताटली ओढून घेतली. रंगूबाईंनी करंडा पुढं केला नाही, सिंधुबाईंनी तशी अपेक्षाही केली नाही. रंगूबाईंनी पन्ह्याचा पेला भरून त्यांच्यासमोर ठेवला आणि शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, "काय बघतीस? ही आता समितीवर हाय. तुझ्या नातवाची लस राहिलीय ना, सांग तिला."

"सांगायचं काय," सिंधुबाई म्हणाल्या, "मला माहीत हाय. आत्या, ही उकड जरा घट्ट झालीय. पाण्याचा हात लावा."

"लावला की, आता तू मला शिकव!"

"शिकवते. तुम्ही पडलात तेव्हाच शिकवायला हवं होतं, न्हाणीत ओल्या पायांनी जाऊ नका म्हणून."

बायका हसल्या. रंगूबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, पण पाण्याचा हात लावला.

प्रतिभानं आत जाऊन देवासमोर झेरॉक्स क्षणभर ठेवली, उचलून पिशवीत घातली. पुण्याला सगळ्यांसमोर बोलायचं होतंच. आता शुक्रवारची गोष्ट आधी सांगायची, मळ्यांची नंतर, हे तिनं ठरवून टाकलं होतं. हर्षालीनंही तेच कळवलं होतं.

समितीची बैठक येत्या मंगळवारी. तिथं सिंधुबाई वेळ बदलायचं म्हणणार आणि कोणीतरी लगेच विचारणार की लसीच्या डब्यातला बर्फ दुपारनंतरपर्यंत टिकेल का. त्याचं उत्तर आधीच हातात हवं. प्रतिभानं चपला घातल्या आणि ओटीवरून उतरताना म्हणाली, "आई, मी आरोग्य केंद्रात जाऊन येते. नर्सबाईंना तो डबा संध्याकाळपर्यंत गार राहतो का, विचारायचंय."